ज्यांना आधीपासून ठाऊक होतं

सबिना लोपीस हे नाव आमच्या सोसायटीत कोणी पूर्ण घेत नाही. त्या सगळ्यांच्या सबिना आंटी. आणि आंटी संशयी आहेत, हेही सगळ्यांना ठाऊक. टाकी धुतली असं वॉचमनने सांगितलं की आंटी गच्चीवर जाऊन झाकण उचलून बघणार. मेकॅनिकने लिफ्टचा पार्ट बदलला की जुना पार्ट दाखवायला लावणार. भाईंदर पश्चिमेच्या एका नर्सिंग होमच्या काउंटरवर त्यांची सगळी नोकरी गेली. "तिथे बसून एक गोष्ट कळते," त्या म्हणायच्या. "प्रश्न पेशंटला विचारला आणि उत्तर भलत्यानेच दिलं, की आपण जरा थांबायचं."

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. गिरगावातली जागा सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला नवघरला आलो तेव्हा दूधवाला, गॅसवाला, दाताचा डॉक्टर, सगळं आंटींनीच दाखवून दिलं, आणि प्रत्येक नावापुढे "पण लक्ष ठेव" असं जोडलं. पुढे जे घडलं त्यातलं थोडं मी पाहिलं, बरंचसं त्यांच्याकडून ऐकलं. त्यातल्या मुलीचं आणि तिच्या आईवडिलांचं नाव मी बदललंय. तसा कायदा आहे, आणि आंटींची अटही तीच होती.

आंटींचं माहेर मोरव्याचं. लग्नानंतर त्या नवघरला आल्या आणि इथल्याच एका छोट्या चर्चमध्ये रमल्या. क्वायरमध्ये गायच्या, रविवारी मुलांना धर्मशिक्षण द्यायच्या. हे चर्च एका धर्मसंघाचं. म्हणजे तिथे कोणते फादर यायचे, कोणते जायचे ते त्या संघाचा प्रमुख ठरवतो. त्याला प्रोव्हिन्शियल म्हणतात. चर्चचे मुख्य फादर बोनाव्हेंचर, सगळ्यांचे फादर बोना. आंटींचे यजमान इनास करोनाच्या पहिल्या लाटेत गेले, तेव्हा नातलगांपैकी कोणाला येता आलं नाही. फादर बोना तो प्लास्टिकचा पोशाख चढवून एकटे खड्ड्याशी उभे राहिले, सगळी प्रार्थना म्हणाले आणि मग फोन करून आंटींना म्हणाले, "सबिना, घाईत नाही केलं. नीट केलं." आंटी हे वाक्य पुष्कळदा सांगायच्या.

त्यानंतरच्या वर्षी ऑक्टोबरात फादर एल्डन आले.

फादरांच्या बदल्या उन्हाळ्यात होतात, शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या बघून. हे मधेच आले. नव्या फादरांचं स्वागत म्हणजे एरवी हार, केक, मुलांचा नाच. यांच्या वेळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, संपताना फक्त नाव सांगितलं गेलं. चाळिशीचा, हसतमुख माणूस, गिटार छान वाजवायचा, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. लोक खूश होते. आंटींना वाटलं, असा माणूस मिळाला तर फादर बोना मुलांचं सगळं त्याच्यावर सोपवतील. पण त्याला दिलं काय, तर आजारी म्हाताऱ्यांच्या घरी जाणं आणि सकाळची इंग्रजी मिस्सा.

मग एक दिवस फादर बोनांनी आंटींना बाजूला घेतलं.

"सबिना, क्वायरच्या प्रॅक्टिसला एल्डन येईल. तो असेल तेव्हा तू हॉलमधून बाहेर जाऊ नकोस."

"का, फादर?"

"हल्ली नियम आहेत तसे. सगळीकडेच."

नियम सगळीकडे असतील, पण त्यांच्या चर्चमध्ये तो एकाच माणसाला लागू होता. दर शनिवारी एक ब्रदर येऊन अल्तारवर, म्हणजे वेदीपाशी, फादरांना मदत करणाऱ्या मुलांना शिकवायचा, तिथे कोणी थांबा असं आंटींना सांगितलं नव्हतं. त्याच आठवड्यात सुताराने फादर एल्डनच्या ऑफिसच्या दाराची वरची फळी काढून तिथे साधी काच बसवली. शेजारचं फादर बोनांचं दार होतं तसंच राहिलं, सागवानी, बंद.

आंटी माझ्याकडे चहाला आल्या तेव्हा त्यांनी हे सांगितलं आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "आंटी, तुम्ही लिफ्टवाल्यावरसुद्धा संशय घेता."

त्या हसल्या. पण चहा अर्धा ठेवून गेल्या.

एका रविवारच्या प्रवचनात फादर एल्डन घाटावरच्या एका वसतिगृहाबद्दल बोलले, तिथल्या आदिवासी मुलींनी त्यांना कशी गाणी शिकवली वगैरे. आंटींची मावसबहीण मार्था सिस्टर, म्हणजे नन, आहे आणि ती तेव्हा त्याच भागात होती. आंटींनी घरी येऊन तिला फोन लावला.

"मार्था, आमच्याकडे फादर एल्डन आलेत. तुमच्याकडचेच ना?"

सिस्टर मार्था म्हणाल्या, "त्यांना शहरात पाठवलं?"

"म्हणजे काय? काय झालं होतं तिथे?"

"काही नाही. प्रार्थना कर, सबिना. आणि मुलांकडे लक्ष ठेव."

आंटींनी पुन्हा फोन केला तर तो उचलला गेला नाही. त्या फादर बोनांकडे गेल्या आणि सरळ विचारलं, "एल्डन आधीच्या ठिकाणाहून का आले?"

"बदल्या होतात," फादर म्हणाले. "आता फादरांची पण झडती घेणार का तू?" आणि हसून त्यांनी इनासच्या वर्षाच्या मिस्सेचा विषय काढला.

आंटी मला म्हणाल्या, "ते उत्तर देऊन हसले असते तर मी गप्प बसले असते. ते हसले आणि उत्तर दिलंच नाही."

चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी अभ्यासिका चालायची. आसपासच्या चाळींतली मुलं यायची, बहुतेक हिंदू घरांतली. त्यात आठवीतली सान्वी होती. तिचे वडील दत्ताराम टेम्पो चालवायचे. आई शेवंती स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात पॅकिंगला होती. मूळची माणसं रत्नागिरीकडची. घर एका खोलीचं, त्यात टीव्ही आणि आजारी सासरे, त्यामुळे पोरीला अभ्यासाला जागा मिळाली याचा शेवंतीला आनंद होता. सबिना आंटी रोज तिथे बसायच्या. कधीमधी फादर एल्डन डोकावायचे, गणित सोडवून द्यायचे. आंटी खुर्चीवरून उठायच्या नाहीत.

फेब्रुवारीत आंटींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. जाण्याआधी त्यांनी फादर बोनांना बजावलं, "मी नसेन तेव्हा अभ्यासिका बंद ठेवा." फादरांनी मान डोलावली.

काळा चष्मा लावून आंटी परत आल्या तेव्हा कळलं, अभ्यासिका रोज चालू होती. परीक्षा तोंडावर आल्या होत्या, मुलांचं नुकसान झालं असतं. शिकवायला फादर एल्डन होते.

सान्वी येत नव्हती.

आंटी तिच्या घरी गेल्या. रविवार होता, शेवंती घरात तांदूळ निवडत बसली होती. सान्वी भिंतीला टेकून मोबाइलकडे बघत होती, पण स्क्रीन काळा होता.

"का गं, येत नाहीस?" आंटींनी तिला विचारलं.

"डोकं दुखतं तिचं सारखं," शेवंती म्हणाली. "चष्मा लागणार बहुतेक."

आंटी थांबल्या. मग म्हणाल्या, "सान्वी, तुला नसेल यायचं तर येऊ नकोस. मला कारण सांगायची पण गरज नाही. पण सांगावंसं वाटलं तर आईला सांग. ती रागावणार नाही."

सान्वी मोबाइलकडेच बघत म्हणाली, "आंटी, तुम्ही असताना ते मला मागे थांबायला सांगायचे नाहीत."

शेवंतीच्या हातातलं सूप तसंच राहिलं. आंटी उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. आत काय बोलणं झालं ते त्यांनी ऐकलं नाही, आणि नंतर जे कळलं ते मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुष्कळ वेळाने शेवंती बाहेर आली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला संशय होता."

"कधीपासून?"

"ते आले तेव्हापासून."

"आणि तुम्ही डोळ्यांचं करायला गेलात."

आंटी म्हणाल्या, "मी आत्ता फादर बोनांकडे जाते."

"जा," शेवंती म्हणाली. "पण मी तुमच्यावर विसंबून बसणार नाही."

फादर बोना बागेत कुंड्यांना पाणी घालत होते. आंटींनी उभ्या उभ्या सांगितलं. फादरांच्या हातातला पाइप खाली पडला, पाणी त्यांच्या चपलांवरून वाहत राहिलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "अजून किती जणांना माहीत आहे?"

मुलगी कशी आहे, हे आता विचारतील, म्हणून आंटी वाट बघत राहिल्या. फादरांनी नळ बंद केला. म्हणाले, "मी प्रोव्हिन्शियलना कळवतो. तोवर कोणी पोलिसांत जाऊ नये. तू त्या बाईला समजाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी फादर एल्डनची खोली रिकामी होती. मिस्सेनंतर फादर बोनांनी सांगितलं की ते आध्यात्मिक विश्रांतीसाठी गेले आहेत, त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू या. सगळं चर्च प्रार्थनेला उभं राहिलं. आंटी बसून राहिल्या. शेजारची बाई त्यांच्या कानाशी म्हणाली, "गुडघे दुखतायत का?"

त्याच आठवड्यात प्रोव्हिन्शियल आले, फादर लॅन्सलॉट. उंच, मृदू बोलणारे, प्रत्येकाला नावाने हाक मारणारे. बरोबर एक समुपदेशक बाई होती. शेवंती आणि दत्ताराम यांना चर्चच्या मीटिंगच्या खोलीत बोलावलं. शेवंतीने सबिना आंटींना बरोबर घेतलं. विश्वास होता म्हणून नाही, ती म्हणाली, त्यांची भाषा तुम्हाला कळते म्हणून.

फादर लॅन्सलॉट दत्तारामशीच बोलत होते.

"दत्ताराम भाऊ, जे झालं त्याचं आम्हाला फार दुःख आहे. त्या माणसावर आम्ही आमच्या पद्धतीने कडक कारवाई करू. पण पोलीस म्हटलं की मुलीला दहा ठिकाणी तेच तेच सांगावं लागतं. वस्तीत नाव खराब होतं. तुम्ही कोकणातली माणसं, तुम्हाला अब्रू म्हणजे काय ते मी सांगायला नको."

दत्ताराम मान खाली घालून ऐकत होता.

"आणि बाहेर लोक टपून बसलेत. तुम्ही हिंदू, आम्ही ख्रिस्ती. याचं ते काय करतील, तुम्हीच विचार करा. आम्ही सान्वीला आमच्या मोठ्या इंग्रजी शाळेत घेतो, थंड हवेच्या ठिकाणी. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं. इथलं सगळं विसरून जाईल ती."

"शाळा तुमचीच ना?" शेवंतीने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हो, आमच्या संघाचीच."

"म्हणजे पोरीला परत तुमच्याच ताब्यात द्यायचं."

समुपदेशक बाईने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. शेवंतीने तो परत सरकवला.

तेव्हा आंटींनी विचारलं, "फादर, एल्डनच्या दाराला काच कोणी बसवायला सांगितली?"

फादर लॅन्सलॉटनी फादर बोनांकडे पाहिलं. फादर बोना टेबलाकडे बघत होते.

"ते सुरक्षिततेचे सर्वसाधारण नियम—"

"मग यांच्या दाराला का नाही बसवली?"

फादर लॅन्सलॉट खुर्ची मागे सरकवून उठले. आंटी मला नंतर म्हणाल्या, तोवर तो माझा संशय होता. त्या खोलीत त्याची खात्री झाली. काच बसवायला सांगणाऱ्याला काचेची गरज माहीत होती.

बाहेर रस्त्यावर आल्यावर दत्ताराम थांबला. "आंटी, राग मानू नका. तुम्ही शेवटी त्यांच्यातल्याच. आमच्या बाजूने का बोलताय, मला कळत नाही. उद्या तुम्ही पलटलात तर?"

"पलटायच्या आत माझं लिहून घ्या," आंटी म्हणाल्या. "वकिलाकडे चला."

माझ्या कॉलेजातली नीलिमा भाईंदर पश्चिमेला वकिली करते. मी फोन केला आणि आम्ही सगळे रिक्षाने रेल्वेच्या रुळांपलीकडे तिच्याकडे गेलो. नीलिमाने आधी सान्वीची चौकशी केली: झोपते का, जेवते का, डॉक्टरकडे नेलंत का. हे ऐकून शेवंती त्या दिवसात पहिल्यांदा रडली. मग नीलिमाने कायदा सांगितला. मुलांच्या बाबतीत असं काही कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर तो त्याचा स्वतःचा वेगळा गुन्हा.

"म्हणजे प्रोव्हिन्शियल," आंटी म्हणाल्या.

"आणि चर्चचे मुख्य फादर पण. तुम्ही त्यांना सांगितलंत, त्यांनी पोलिसांना न सांगता त्या माणसाला हलवलं."

आंटी खिडकीबाहेर बघत बसल्या. खाली भाजीवाला एका गुजराती बाईशी हिंदीत हुज्जत घालत होता. इनासच्या खड्ड्याशी उभे असलेले फादर बोना त्यांच्या डोळ्यांपुढे आले, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. हेही सांगितलं की त्या क्षणी पहिल्यांदा मनात आलं: माझं तोंड पुढेमागे बंद राहावं म्हणून तर ते उभे राहिले नव्हते? "बघ, कुठवर गेलं माझं डोकं. तेव्हा एल्डन इथे आलासुद्धा नव्हता."

मग त्या नीलिमाला म्हणाल्या, "दोघांची नावं घाला."

तक्रार नोंदवली. संजना नावाची पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत शेवंतीच्या घरी आली आणि सान्वीशी तिच्या आईसमोर बोलली. फादर एल्डनला संघाच्या एका आश्रमातून धरून आणलं. तिथे तो इतरांना ध्यान शिकवत होता.

आमच्या भागात बातमी पसरली आणि आंटींचं आयुष्य आकसत गेलं. क्वायरमधून फोन आला, "तुमचे डोळे अजून नाजूक आहेत, आराम करा." चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून त्यांना काढलं. मिस्सेत एकमेकांना शांतीचा हात द्यायची वेळ येते, तेव्हा पुढच्या बाकावरची माणसं वळेनाशी झाली. मोरव्याहून भाऊ आला. दारातूनच म्हणाला, "तुला काय गरज हाय गं या भानगडीत पडायची? पोर आपली न्हाय, काय न्हाय. आपल्याच घराला काडी लावतेस."

"पोर आपली असती तर तू आला असतास का हे सांगायला?" आंटींनी विचारलं. तो जेवायला न थांबता गेला.

आंटींचा संशयही आता सुटा फिरायला लागला होता. घरापुढे रिक्षा थांबली तरी पडद्याआडून बघायच्या. ईस्टरला कोणीतरी दाराला, इथल्या ख्रिस्ती घरांत वर्षाचा करून ठेवतात त्या बाटली मसाल्याची पिशवी अडकवून गेलं, तर त्यांनी ती उघडलीसुद्धा नाही, कचऱ्यात टाकली. पुढे कळलं, चर्चमधल्या म्हाताऱ्या ऑर्गनवाल्या मास्तरांनी ती ठेवली होती. त्यांच्या बहिणीच्या लहानपणी असंच काही झालं होतं आणि घरात कोणी ते कधी बोललं नव्हतं. आंटी त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. पण परत येताना जिन्यात मला म्हणाल्या, "बहिणीचं खरं असेल ना?" स्वतःच्या प्रश्नाने त्या स्वतःच दचकल्या.

शेवंतीच्या चाळीतही माणसं आली, गळ्यात उपरणी घातलेली. चर्चवर मोर्चा काढू, मुलीला न्याय देऊ, म्हणाली. दत्ताराम कामावर होता. शेवंतीने दारात उभं राहूनच विचारलं, "कुठल्या मुलीला?"

"तुमच्याच, वहिनी."

"तिचं नाव घेऊन कोणी रस्त्यावर ओरडायचं नाही. ओरडलात तर तुमच्यावर पण केस करीन. वकील आहे माझ्याकडे."

मोर्चा निघाला नाही. आंटींना हे कळलं तेव्हा त्यांनी शेवंतीला फोन केला. शेवंती म्हणाली, "तुमच्या चर्चसाठी नाही केलं."

पोलिसांचं काम पुढे सरकलं, पण वरच्या दोघांपाशी अडलं. संजना मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "एल्डनची केस भक्कम आहे. पण हे दोघे म्हणतायत की सबिना लोपीस यांनी आम्हाला फक्त कुजबुज सांगितली, आम्ही शहानिशा करतच होतो. आधीपासून माहीत होतं, हे काचेवरून सिद्ध होणार नाही."

आंटींनी सिस्टर मार्थांना पुन्हा फोन केले. उचलले गेले नाहीत. मग त्यांनी निरोप ठेवला: "तू लक्ष ठेव म्हणालीस. मी ठेवलं, तरी झालं. आता तू बोल." उत्तर आलं नाही.

आलं ते माणूसच आलं. एका दुपारी मी आंटींकडे कोथिंबीर मागायला गेले, तर स्वयंपाकघरात एक बारीकशी, पांढऱ्या केसांची, राखाडी साडीतली बाई बसली होती. तिच्यापुढे पाणी होतं. आंटी मात्र ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि त्यांनी तिला अजून चहाचंही विचारलं नव्हतं.

"तुला कोणी पाठवलं?" त्या विचारत होत्या.

"कोणी नाही. मठात सुपिरियरना न सांगता एसटीने आलेय."

"माझ्याकडून काही काढून घ्यायला तर नाही आलीस?"

सिस्टर मार्था रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "विचार तुला काय विचारायचं ते. माझ्या वसतिगृहातल्या एका मुलीने मला सांगितलं होतं. मी प्रोव्हिन्शियलच्या ऑफिसात जाऊन, समोर उभी राहून सांगितलं. ते म्हणाले, सिस्टर, तुम्ही आज्ञापालनाचं व्रत घेतलंय ना? मी हो म्हटलं. त्यांनी एल्डनला आधी एका आश्रमात ठेवलं, मग तुमच्याकडे पाठवलं."

"मग आजच का आलीस?"

"तुझा पहिला फोन आला तेव्हा तुला प्रार्थना कर म्हटलं. त्यानंतर मला स्वतःला करता येईना. ओठ हलायचे, बाकी काही नाही."

आंटींनी तेव्हा कुठे गॅस पेटवला. पण चहा झाल्यावर हेच सगळं त्यांनी नीलिमासमोर पुन्हा बोलायला लावलं, आणि मग संजना मॅडमसमोर. तिन्ही वेळा शब्द जुळतात का, ते त्या कान देऊन ऐकत होत्या. जुळले. वसतिगृहातली ती मुलगी आता मोठी झाली आहे. तिला विचारल्याशिवाय तिचं नाव कुठेही यायचं नाही, असं सिस्टरनी आधीच सांगून ठेवलं. पुढे ती स्वतः साक्षीला आली.

आरोपपत्रात एल्डनबरोबर फादर लॅन्सलॉट आणि फादर बोनाव्हेंचर यांचीही नावं आली. संघाने लॅन्सलॉटना प्रकृतीचं कारण देऊन पदावरून उतरवलं. त्यांच्या वकिलाने नाव वगळण्यासाठी अर्ज केला, न्यायाधीशांनी तो फेटाळला.

जामिनावर असताना फादर बोना एकदा आंटींच्या दारात आले. साध्या शर्टात, खूप वाळलेले. मी समोरच्या दारात होते, मला सगळं ऐकू आलं.

"सबिना, मी तुला हॉल सोडू नकोस म्हटलं होतं. आठवतं ना? म्हणजे मी माझ्या परीने काळजी घेतली होती."

"तुम्ही मला राखणीला बसवलंत फादर. कशापासून राखायचं ते सांगितलं नाहीत."

"मला वरून सांगितलं होतं की बोलायचं नाही."

"हे कोर्टात सांगा."

ते म्हणाले, "इनाससाठी मी रोज प्रार्थना करतो."

आंटींनी दार लोटलं. मग त्यांनी नीलिमाला फोन लावला आणि आरोपी साक्षीदाराला भेटायला आला होता, हे कळवलं. फादर माफी मागायला आले होते की साक्ष फिरवायला, हे त्यांना आजही सांगता येत नाही. मला विचाराल तर दोन्ही असावं.

खटला ठाण्याला चालला. सान्वीने पडद्याआडून साक्ष दिली. बाहेर येऊन तिने आईकडे वडापाव मागितला, आणि दत्ताराम गाड्या चुकवत रस्ता ओलांडून धावला. एल्डनला मोठी शिक्षा झाली. निकाल ऐकताना आंटी सान्वीच्या मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला नाही. उरलेल्या दोघांवरचा खटला कोर्टाने वेगळा काढला, तो अजून चालू आहे. फादर लॅन्सलॉट दर तारखेला इस्त्रीच्या कपड्यांत येतात, सगळ्यांना नावाने नमस्कार करतात. आंटी प्रत्येक तारखेला जाऊन बसतात. वकील पुढची तारीख मागतो तेव्हा कारण काय ते कान देऊन ऐकतात आणि घरी येऊन मला सांगतात की कारण खोटं आहे.

चर्च त्यांनी सोडलं नाही. भाऊ म्हणतो, आता कशाला जातेस. त्या म्हणतात, "ते माझं आहे. त्यांनी सोडावं." मागच्या बाकावर बसतात. हल्ली दोन-तीन बायका शांतीचा हात द्यायला वळतात.

सान्वी आता अकरावीत आहे. कॉमर्स घेतलंय, इंग्रजी कच्चं आहे. शनिवारी दुपारी ती आंटींकडे शिकायला येते. एकटी येत नाही. शेवंती गाळ्यातून अर्धी सुट्टी घेऊन बरोबर येते आणि धडा संपेपर्यंत सोफ्यावर बसून राहते. कधी भाजी निवडते, कधी नुसती बसते. मी एकदा आंटींना म्हटलं, एवढं सगळं होऊनही ती तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, वाईट वाटत नाही का?

"वाटतं," आंटी म्हणाल्या. "तिने बसावंच. मी तिच्यासाठी खुर्चीवर उशी ठेवलीय, ती अजून सोफ्यावरच बसते. तिथून टेबल सरळ दिसतं."